सलाईनच्या बाटलीत ‘ताकद’ नसते

डोकं ठणकतं, अंग गळून जातं, पाठ-कंबर धरते. बीड-परभणीकडे यावर उत्तर ठरलेलं: “अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून घ्या.”

५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिली बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त. साध्या सलाईनमध्ये तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बस्स! उलट्या-जुलाबात तिचं मोल मोठं आहे, पण ताकदीचं औषध ती नव्हे. मग बरं कसं वाटतं? पाण्याने, पडून राहिल्याने आणि बऱ्याचदा जोडीला टोचलेल्या वेदनाशामकाने.

खरं कारण मात्र तसंच राहतं. बायकांमध्ये आधी हिमोग्लोबिन बघावं. गरोदर नसताना १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरी झोप, मनाची उदासी हीही कारणं असतात. रोज डोकेदुखीची गोळी खाल्ल्यानेसुद्धा डोकं दुखतं, हे कुणी सांगत नाही.

घरी जनावरं असतील आणि ताप येत-जात असेल, रात्री घाम सुटत असेल तर ब्रुसेलोसिस या जनावरांकडून होणाऱ्या जंतूंच्या आजाराची तपासणी मागा. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणं, कच्चं दूध पिणं यातून तो माणसात येतो. त्यावर काही आठवडे प्रतिजैविकं घ्यावी लागतात.

तापात मान आखडली, पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थेट मोठा दवाखाना गाठा.