पार्श्वभूमी : अणुभट्ट्यांच्या पिढ्या आणि तारापूरचा निर्णय

पुण्यात अणुऊर्जेवरच्या व्याख्यानांत भट्ट्यांच्या चार पिढ्या हमखास मांडल्या जातात. ही वर्गवारी 2000 च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाली. 1950 च्या दशकातल्या सुरुवातीच्या भट्ट्या पहिल्या पिढीत, मग व्यापारी भट्ट्या, त्यानंतर अधिक सुरक्षित रचना आणि चौथीत भविष्यातल्या भट्ट्या. भारताची वाटचाल मात्र त्यावरून उलगडत नाही. इथे कळीचा प्रश्न इंधनाचा होता.

आपला आराखडा नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर (हायड्रोजनच्या जड रूपापासून बनलेले पाणी; ते वापरले की साधे युरेनियमही इंधन म्हणून चालते) बेतलेला होता. युरेनियम समृद्ध करण्याची, म्हणजे त्यातला सहज विखंडन होणारा भाग वाढवण्याची सोय नव्हती आणि भट्टीचा गाभा ज्यात बसतो ते जाड पोलादाचे अवाढव्य दाबपात्र देशात घडवता येत नव्हते. तरीही 1963 मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि तारापूरला उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या आल्या. त्यांना समृद्ध युरेनियमच लागते, म्हणजे इंधनासाठी कायम दुसऱ्याकडे पाहायचे. अणुवीज आपल्याकडे चालू शकते हे लवकर दाखवून द्यावे, असा समर्थकांचा मुद्दा होता आणि 1969 मध्ये वीज आलीही. किंमत नंतर कळली. 1974 ची पोखरण चाचणी, अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठीचा 1978 चा अमेरिकी कायदा, मग अडलेला पुरवठा. इंधन आधी फ्रान्सकडून, पुढे चीन आणि रशियाकडून आणावे लागले. 210 मेगावॉटच्या या भट्ट्यांची क्षमताही 160 वर उतरवली गेली. माझ्या मते आराखड्याशी फारकत घेणारा हा निर्णय महागात पडला.

राजस्थानात रावतभाट्याला जड पाण्याच्या भट्ट्या उभारायला कॅनडा मदत करत होता; पोखरणनंतर तोही निघून गेला. तिथली दुसरी भट्टी आपल्या अभियंत्यांनी पुरी केली, आणि ही कामगिरी आपल्याकडे फारच कमी सांगितली जाते. जड पाण्याच्या भट्टीत एका दाबपात्राऐवजी इंधन शेकडो नळ्यांत विभागलेले असते. 220 मेगावॉटच्या भट्टीत अशा 306 नळ्या. त्यामुळे देशी कारखान्यांना काम घेता आले. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरनेही अणुवीज केंद्रांसाठी अवजड उपकरणे घडवली. तारापूरलाच 2005-06 मध्ये 540 मेगावॉटच्या देशी भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि 2020 मध्ये गुजरातमधल्या काक्रापारला 700 मेगावॉटची पहिली भट्टी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात आपोआप चालू राहणारी विखंडनाची साखळी सुरू झाली.

कोकणात जैतापूरच्या नियोजित 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांना पुन्हा समृद्ध युरेनियमच लागेल. आयुष्यभराच्या इंधनपुरवठ्याची हमी तिथे दरापेक्षाही आधी तपासायला हवी. याच रचनेची फ्रान्समधली पहिली भट्टी 2007 मध्ये बांधायला घेतली होती. तिची वीज जाळ्यात आली डिसेंबर 2024 मध्ये.