रिमोट ‘बटण सोडलं’ असं कधीच सांगत नाही

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोडी हे सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर टाकून तो टीव्हीला जोडला आणि घरातला एखादा जुना रिमोट त्यावर चालवायला घेतला, की पहिली तक्रार ठरलेली असते. आवाज एक पायरी वाढवायला जावं तर तो चार पायऱ्या चढतो, नाहीतर यादीत खाली जायला बाण दाबून ठेवावा तर ती अडखळत सरकते. लोक सेल बदलून बघतात. सेलचा यात बहुधा काही संबंध नसतो.

कीबोर्ड कळ दाबल्यावर एक संकेत पाठवतो आणि सोडल्यावर दुसरा. रिमोटकडे हा दुसरा संकेतच नाही. बोट उचललं की तो नुसता गप्प होतो. ही शांतता बोट उचलल्याची, की मधून कुणी आडवं गेल्याची, हे संगणकाला थोडं थांबून ठरवावं लागतं.

रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फेकतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट लुकलुक दिसते. (रिमोट बिघडलाय की संगणकाच्या बाजूला हा प्रकाश टिपणारा रिसीव्हर, हे तपासायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच.) हा प्रकाश सेकंदाला सुमारे 38,000 वेळा चालू-बंद होतो आणि रिसीव्हर त्याच वेगाची लुकलुक तेवढी उचलतो, म्हणून खिडकीतल्या उन्हाने तो सहसा फसत नाही.

एनईसी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांचा लांब झोत, मग 4.5 मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर 32 बिट, म्हणजे 0 किंवा 1, येतात. उपकरणाचा पत्ता आणि बटणाचा क्रमांक प्रत्येकी दोनदा जातो, दुसऱ्यांदा उलटा करून (0 च्या जागी 1, 1 च्या जागी 0), म्हणजे चूक लगेच पकडता येते. त्यामुळे 0 नेहमी सोळा आणि 1 सुद्धा सोळाच. म्हणून कुठलंही बटण दाबा, निरोपाला लागतात सुमारे 68 मिलिसेकंद.

गंमत पुढे आहे. बटण दाबून ठेवलं तर दर 108 मिलिसेकंदांनी एक छोटा संकेत जातो आणि त्यात बटणाचा क्रमांक नसतोच. दुकानदाराच्या वहीतल्या ‘वरीलप्रमाणे’सारखा तो असतो. वरची ओळच वाचता आली नाही, तर खाली कितीही वेळा ‘वरीलप्रमाणे’ लिहा, काय उपयोग? म्हणून पहिला निरोप हुकला की बटण कितीही वेळ दाबून धरा, काही होत नाही. सोडून पुन्हा दाबावं लागतं. फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत मात्र अख्खा निरोप दर 114 मिलिसेकंदांनी पुन्हा येतो. शिवाय त्यात एक बिट दर नव्या दाबाला पालटतो, त्यामुळे ‘5’ दोनदा दाबला की एकदाच धरून ठेवला, हे नक्की कळतं.

आता लिनक्सकडे, म्हणजे पायवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे येऊ. पडद्यावर दिसणारी पुनरावृत्ती रिमोटच्या प्रत्येक संकेतागणिक होत नाही. ‘कळ अजून दाबलेली आहे’ असं वाटतंय तोवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच्या घड्याळाने ती करत राहतो. कीबोर्डसाठी त्याचा नेहमीचा हिशेब 250 मिलिसेकंदांनी सुरुवात आणि पुढे दर 33 मिलिसेकंदांनी एक असा आहे. रिमोटला हाच वेग दिला, तर दोन संकेतांच्या मध्येच तीन पायऱ्या होतात आणि बोट उचलल्यावरही, संगणकाची खात्री पटेपर्यंत, आणखी काही. म्हणून रिमोटसाठी कर्नलने हे आकडे 500 आणि 125 ठेवले आहेत.

ते बदलायला ‘आयआर-कीटेबल’ ही आज्ञा आहे: कॅपिटल ‘डी’ म्हणजे सुरुवातीचा थांबा, कॅपिटल ‘पी’ म्हणजे दोन पुनरावृत्तींमधलं अंतर. आधी स्मॉल ‘टी’ लावून रिमोट कोणते संकेत पाठवतोय ते बघावं, मगच आकड्यांना हात लावावा. यादी भराभर हवी म्हणून ‘पी’ फार खाली आणू नका, थांबताना ती पुढे निघून जाईल. घरात बोट रेंगाळणारं कुणी असेल तर ‘डी’ 700 करून बघा. रीबूटनंतर हे आकडे पुसले जातात, त्यामुळे आज्ञा स्टार्टअपला लावावी लागते.

एसीचा रिमोट मात्र या कामाला घेऊ नये. त्याचं कुठलंही बटण दाबलं की तापमान, मोड, पंख्याचा वेग अशी सगळी स्थिती एका लांबलचक निरोपात जाते. तेच बटण पुन्हा दाबलं तरी निरोप वेगळा, मग तो कुठल्या कळीला जोडणार?