संदर्भसूचीतला व्हिडिओ : नियम आले, प्रत कुठे आहे?

शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत यूट्यूबची लिंक दिसली तर आज ते कुणाला फारसे खटकत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अनेक मार्गदर्शकांनी ती खोडून ‘पुस्तक शोधा’ असा शेरा मारला असता. मधल्या काळात नियमावल्या बदलल्या, व्हिडिओला जागा मिळाली. हा इतिहास पाहताना एक गोष्ट सतत जाणवते. वाद चालला होता तो व्हिडिओच्या प्रतिष्ठेबद्दल, पण खरी अडचण व्हिडिओ टिकण्याची होती. ती अजून सुटलेली नाही.

संदर्भ देण्याच्या आजच्या पद्धती कागदावर घडल्या. हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये शंख नसलेल्या गोगलगायीवरच्या लेखात लेखकाचे नाव आणि वर्ष कंसात दिले. आजच्या ‘लेखक-वर्ष’ पद्धतीचा उगम सहसा तिथे मानला जातो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली १९०६ ची. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची म्हणजे एपीएची पद्धत १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानांतून सुरू झाली, आणि मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची म्हणजे एमएलएची पहिली पुस्तिका १९५१ मध्ये आली. या सगळ्यांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती : छापलेल्या मजकुराच्या प्रती अनेक ग्रंथालयांत असतात. एक हरवली तर दुसरी सापडते, आणि पान ११२ सगळीकडे पान ११२ च असते.

चलत्चित्राला हे लागू नव्हते, आणि ते फार लवकर कुणाच्या तरी ध्यानात आले. ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिले खेळ दाखवले ते डिसेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांच्या आत, १८९८ मध्ये, बोलेस्वाव मातुशेव्स्की या पोलिश छायाचित्रकाराने पॅरिसमध्येच एक पुस्तिका काढून चित्रपट हे इतिहासाचे नवे साधन असल्याचे मांडले आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक संग्रहालय हवे अशी मागणी केली. ‘याचा पुरावा म्हणून उपयोग करायचा तर आधी ते कुठेतरी जपले पाहिजे’ हा क्रम त्याला तेव्हाच कळला होता, याचे मला फार कौतुक वाटते. मोठी चित्रपट संग्रहालये उभी राहायला मात्र १९३० चे दशक उजाडले, आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३८ मध्ये स्थापन झाला.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत तर आणखी उशीर झाला. टेप महाग असायच्या, म्हणून वाहिन्या त्या पुसून पुन्हा वापरत. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून तिन्ही मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या ध्वनिचित्रमुद्रित करायला सुरुवात केली, तेव्हा कुठे संशोधकाला ‘अमुक दिवशी अमुक बातमी अशी दाखवली’ हे पुराव्यासह लिहिता येऊ लागले. चित्रपट असो की बातमीपत्र, तळटीपेत संग्रहाचे नाव असायचे आणि त्या नावामागे ती वस्तू सांभाळणारी संस्था असायची.

यूट्यूब आले आणि हा सांभाळणारा मधून नाहीसा झाला. २३ एप्रिल २००५ रोजी चढवलेला पहिला व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा होता. पुढच्याच वर्षी गूगलने १.६५ अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात ती कंपनी घेतली, आणि त्याच वर्षी टेड या परिषदा भरवणाऱ्या संस्थेची व्याख्याने इंटरनेटवर मोफत येऊ लागली. कुणीही व्हिडिओ चढवू शकत होते, आणि कुणीही आपला व्हिडिओ काढूनही टाकू शकत होते. अभ्यासकांनी नियमांची वाट पाहिली नाही. कौशा, थेलवॉल आणि अब्दोली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतील १,८०८ प्रकाशनांमध्ये यूट्यूबचा किमान एक संदर्भ आढळला, आणि २००६ ते २०११ या काळात हे प्रमाण सातत्याने वाढत गेल्याचे दिसले. विज्ञान आणि वैद्यकातल्या लेखांनी दिलेल्या व्हिडिओंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक प्रयोग, व्याख्याने अशा शास्त्रीय स्वरूपाचे होते. व्हिडिओ म्हणजे करमणूक, हा आक्षेप तेव्हाच लंगडा पडला होता.

नियमावल्या मागून धावत होत्या. २००९ मध्ये एपीएच्या सहाव्या आवृत्तीत शीर्षकानंतर चौकटी कंसात ‘व्हिडिओ फाइल’ असे लिहायची सोय होती. त्याच वर्षी एमएलएच्या सातव्या आवृत्तीने मात्र इंटरनेटवरचा पत्ता देण्याची सक्तीच काढून टाकली, पत्ते लांबलचक असतात आणि बदलतात म्हणून. पुस्तकाचे नाव पुरते, तसे व्हिडिओचे नाव पुरत नाही. एकाच शीर्षकाचे शेकडो व्हिडिओ असतात. २०१६ च्या आठव्या आवृत्तीने पत्ता देण्याची शिफारस पुन्हा आणली.

सर्वांत अवघड प्रश्न होता : व्हिडिओचा लेखक कोण? बोलणारा, चित्रण करणारा, की ज्याच्या खात्यावर तो आहे तो? एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने खातेदाराच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे तेच टेड व्याख्यान टेडच्या संकेतस्थळावर पाहिले तर वक्ता लेखक ठरतो, आणि यूट्यूबवर पाहिले तर टेड ही संस्था. वाचकाला व्हिडिओ शोधून काढता यावा हा यामागचा हेतू रास्त आहे. तरीही श्रेय आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी इथे एकाच रकान्यात कोंबल्या गेल्या आहेत. वक्त्याचे नाव मजकुरातल्या वाक्यात घेण्याची मुभा एपीए देते. माझ्या मते ही मुभा न राहता शिस्त व्हायला हवी.

पान क्रमांकाचा प्रश्न त्या मानाने सहज सुटला. त्या जागी मिनिटे आणि सेकंद आले. अवतरण जिथे सुरू होते ती वेळ द्यायची, इतके साधे. दुव्यातच वेळ कशी लिहावी याचे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये ठरवले.

एवढे सगळे झाल्यावर टिकण्याचा प्रश्न जिथल्या तिथे उरतो. व्हाइन ही सहा सेकंदांच्या व्हिडिओंची सेवा जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. एमआयटीने डिसेंबर २०१४ मध्ये एका प्राध्यापकाची भौतिकशास्त्राची गाजलेली व्याख्याने लैंगिक छळाच्या चौकशीनंतर आपल्या संकेतस्थळांवरून काढून घेतली. त्या निर्णयाची योग्यता हा इथला विषय नाही, पण त्या लिंका दिलेल्या लेखांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. व्याख्यानांच्या प्रती इतरांच्या खात्यांवर राहिल्या. म्हणजे खातेदाराला लेखक मानणाऱ्या नियमाने त्यांचा लेखक भलताच कुणीतरी ठरतो.

काही बदल याहून बारीक असतात, म्हणून अधिक घातक. यूट्यूबवर चित्रावर तरंगणाऱ्या टिपा लावता येत. व्याख्यानात चूक राहिली तर ‘इथे वजा चिन्ह हवे’ असे लिहिण्यासाठी शिक्षक त्या वापरत. १५ जानेवारी २०१९ पासून त्या सर्व व्हिडिओंवरून नाहीशा झाल्या. चूक राहिली, दुरुस्ती गेली. जुलै २०२१ मध्ये यूट्यूबने २०१७ पूर्वीचे ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ खासगी केले, आणि खातेदारांनी आधी हालचाल केली नसेल तर फक्त लिंकवरून उघडणारे ते व्हिडिओ उघडेनासे झाले. शिवाय खातेदाराला पत्ता तोच ठेवून व्हिडिओचा मधला भाग कापता येतो, आणि तसे झाले की आपण दिलेले मिनिट-सेकंद दुसऱ्याच वाक्यावर जाऊन पडतात. म्हणून व्हिडिओ कोणत्या तारखेला पाहिला ते नोंदवावे. नियमावली मागत नसली तरी.

याचे गांभीर्य विद्यापीठाबाहेर आधी कळले. ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध काढलेल्या वॉरंटला समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंचा आधार होता. त्याच सुमारास यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातल्या युद्धाचे असंख्य व्हिडिओ काढले गेले. त्यातले काही परत आले ते ‘सीरियन आर्काइव्ह’सारख्या गटांनी पाठपुरावा केल्यामुळे.

अभ्यासकासाठी उपाय आहेत, पण तुटपुंजे. वेब संग्रहात दुवा जतन केला तर पुष्कळदा व्हिडिओभोवतीचे पान राहते, व्हिडिओ राहत नाही. स्वतः प्रत उतरवून ठेवली तर स्वामित्वहक्क आणि सेवेच्या अटी आड येतात, आणि ती प्रत वाचकाला दाखवता येत नाही ती नाहीच. जोव्ह हे नियतकालिक २००६ पासून प्रयोगांचे व्हिडिओ लेख म्हणून छापते आणि त्यांना डीओआय हा कायमचा क्रमांक देते. जर्मनीत हॅनोव्हरच्या टीआयबी ग्रंथालयाने २०१४ मध्ये शास्त्रीय व्हिडिओंसाठी स्वतंत्र पोर्टल उघडले. तिथला व्हिडिओ ग्रंथालयाच्या ताब्यात असतो, त्यालाही डीओआय असतो आणि त्यातल्या नेमक्या क्षणाचा संदर्भ देता येतो. मातुशेव्स्कीची मागणी इथे एका छोट्या कोपऱ्यापुरती पुरी झाली आहे. संदर्भसूच्यांमध्ये येणारे बहुसंख्य व्हिडिओ मात्र अशा कुठल्याही ग्रंथालयात नाहीत. ते खातेदाराच्या मर्जीवर आणि कंपनीच्या धोरणावर उभे आहेत.