लोक उदासीन असतात की कागद चुकलेला असतो?

मतदान कमी झालं, सूचनांची पेटी रिकामी राहिली की आपण लगेच म्हणतो, लोकांना पडलेलीच नाही. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आधी तो कागद, तो फलक किंवा तो अर्ज तपासायला हवा.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीत २००० साली अध्यक्षपदाची मतपत्रिका समोरासमोरच्या दोन पानांवर छापली होती आणि भोक पाडायच्या खुणा मधोमध होत्या. हेतू चांगला होता: वृद्धांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी घेतली होती. पण डाव्या पानावर दुसरं नाव डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांचं, आणि वरून दुसरी खूण मात्र उजव्या पानावरच्या, एका लहान पक्षाचे उमेदवार पॅट बुकॅनन यांची. गोर यांची खूण तिसरी. बुकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं पडली. टपाली मतपत्रिकेची मांडणी वेगळी होती. तिच्यात त्यांचा वाटा कितीतरी कमी निघाला. मतदार त्याच काउंटीतले, कागद वेगळा! दोन हजारांहून अधिक मतं चुकून बुकॅनन यांच्याकडे गेली, असा संशोधकांचा हिशेब आहे. गोर यांचे मुख्य प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा जिंकलं ते ५३७ मतांनी.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. किरकोळ गुन्ह्यांसाठी तिथे समन्स मिळतं आणि ठरलेल्या दिवशी कोर्टात हजर राहावं लागतं. जवळपास ४० टक्के लोक जात नसत, मग त्यांच्या नावे वॉरंट निघे. जुन्या कागदावर तारीख आणि कोर्टाचा पत्ता तळाशी होता. नव्या कागदावर तो मजकूर सर्वांत वर आला आणि गैरहजर राहिल्यास काय होईल, हे ठळक अक्षरांत छापलं गेलं. एवढ्यानेच गैरहजेरी सुमारे १३ टक्क्यांनी घटली. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवल्यावर ती सुमारे २१ टक्क्यांनी घटली. हे आकडे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: लोक मुद्दामच कोर्ट चुकवतात असं सर्वसामान्य माणसांना वाटतं, आणि म्हणून त्यांचा कल शिक्षेकडे असतो. विसराळूपणाला आपण बेफिकिरी समजतो, ते असं.

सर्जनशीलतेला इथून पुढे मोकळं रान आहे. कोलंबियातल्या बोगोटाचे महापौर अंतानास मोकुस हे मूळचे गणित आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. १९९०च्या दशकात त्यांनी चौकाचौकांत मूकनाट्याचे कलाकार उभे केले. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवरच गाडी उभी करणाऱ्याची ते न बोलता नक्कल करत. दुसऱ्याच्या वागण्याला दाद द्यायला किंवा नापसंती दाखवायला नागरिकांना साडेतीन लाख कार्डं वाटली गेली. एका बाजूला वर केलेला अंगठा, दुसऱ्या बाजूला खाली केलेला. आपलं वागणं इतरांना दिसतंय, या जाणिवेची ताकद मोठी असते. ती दंडाविना वापरता येते, हे त्यांनी ओळखलं.

मात्र सुंदर फलकावर मत नोंदवून घ्यायचं आणि निर्णय आधीच ठरलेला, ही फसवणूक झाली. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसती माहिती देणं आणि मत विचारणं या तिसऱ्या-चौथ्या पायऱ्या. अधिकाराची वाटणी सुरू होते ती सहावीपासून. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९पासून शहराच्या गुंतवणुकीतला काही पैसा कुठे खर्चायचा, हे रहिवाशांच्या सभांमध्ये ठरवायला सुरुवात केली. तिथली मला सर्वांत आवडणारी रचना म्हणजे सभांचा क्रम: पहिल्या फेरीत गेल्या वर्षी मंजूर झालेल्या कामांचा हिशेब अधिकाऱ्यांनी द्यायचा, नव्या मागण्या त्यानंतर.