वाशीला शिकलं, ठाण्याला विसरलं

आमच्या शेजारच्या मॅडम ठाण्यातल्या एका पदवी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. मे महिन्यात आठवडाभर त्या वाशीला एफडीपीला जात होत्या. म्हणजे प्राध्यापकांचं प्रशिक्षण. दिवसभर पीपीटी, शेवटी ग्रुप फोटो, फीडबॅक फॉर्म आणि सर्टिफिकेट. जुलैत मी सहज विचारलं, "त्यातलं वर्गात काय वापरता?" त्या हसल्या. "सर्टिफिकेट फाइलला लावलंय हो. प्रमोशनला लागतं."

मला यात मॅडमचा दोष दिसत नाही. वेळापत्रकाचा दिसतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने 1885 साली विसरण्याचं मोजमाप छापलं. प्रयोगात माणूस एकच, तो स्वतः. निरर्थक अक्षरांच्या याद्या न अडखळता म्हणता येईपर्यंत तो घोकायचा आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा. मग मध्ये काही काळ जाऊ देऊन तीच यादी पुन्हा घोकायची. समजा, पहिल्यांदा 1000 सेकंद लागले आणि दुसऱ्यांदा 660, तर वाचले 340, म्हणजे 34 टक्के. त्याची एका दिवसानंतरची बचत साधारण एवढीच होती. वीस मिनिटांनी 58, तासाने 44, सहा दिवसांनी 25, महिन्याने 21. घसरण सुरुवातीला कड्यासारखी, पुढे पठारासारखी. वाशीहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचायच्या आतच मोठा कडा उतरून झालेला असतो.

इथे एक गोम आहे. 34 टक्के बचत म्हणजे 34 टक्के आठवतं असं नव्हे. एकही अक्षर आठवत नसताना बचत होऊ शकते. मेंदूत खूण उरते, फक्त आपल्याला ती हाताला लागत नाही. आणि अर्थ असलेला मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा बराच जास्त टिकतो, त्यामुळे हे आकडे एफडीपीला जसेच्या तसे लावू नयेत. घसरणीच्या रेषेचा आकार तेवढा घ्यावा.

(प्रशिक्षणांत हमखास दिसणारी ती स्लाइड, 'वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के लक्षात राहतं', तिला प्रयोगाचा आधार नाही. ती ज्या आकृतीवरून आली, त्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलच्या 1946 च्या शिकण्याच्या अनुभवांच्या मूळ शंकूत आकडेच नव्हते. ते नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गुळगुळीत आकडे राशिभविष्यातही नसतात.)

उपाय जुनाच आहे: थोडं थोडं, अंतराने. 1978 साली बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवण्याचा अभ्यास छापला. काहींना रोज एक तास, काहींना रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं. एकूण तास मोजले तर एक तासवाले कमी तासांत शिकले. गंमत म्हणजे सर्वांत नाराजही तेच होते, कारण दिवस जास्त लागत होते. म्हणून शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर माझा फारसा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट, पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवणं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पाहिलं तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने पाहिलं तर आठवून लिहिणारे.

मॅडमना हे सांगितलं तर त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं मे महिन्यातलं जसं गेलं, तसं पोरांचं सोमवारचं जात असणार की." आता लेक्चरची पहिली पाच मिनिटं त्या वह्या मिटायला लावतात आणि मागच्या आठवड्यातलं विचारतात. पोरं कुरकुरतात.