क्रीगश्पील आणि डार्क चेस: दोन पटांवरचे दोन अंधार

चेस डॉट कॉमवर 'फॉग ऑफ वॉर', म्हणजेच डार्क चेस, खेळणारी मुलं भेटली की हटकून एक प्रश्न येतो: "हे ते जुनं क्रीगश्पीलच ना?" घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही खेळांत समोरच्याचे मोहरे दिसत नाहीत आणि दोन्ही नावं युद्धावरून आलेली आहेत. पण दोन्ही खेळून पाहिले की कळतं, एक कानाने खेळायचा आहे आणि दुसरा डोळ्याने. एक म्हणजे आंधळी कोशिंबीर, तर दुसरा म्हणजे दिवे गेल्यावर हातातल्या कंदिलाने घर धुंडाळणं.

क्रीगश्पील वयाने बरंच मोठं. हेन्री मायकेल टेंपल या इंग्रज गृहस्थाने १८९९ मध्ये ते रचलं. प्रशियन सैन्यातले अधिकारी नकाशावर लढाईचा सराव करत, त्या खेळाचं नाव आणि कल्पना त्याने बुद्धिबळात आणली. पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गणित विभागात जॉन नॅशसारखे गणितज्ञ त्यात रमले. डार्क चेस मात्र १९८९ चं आहे, येन्स बेक नील्सन आणि टॉर्बन ओस्टेड यांचं. 'फॉग ऑफ वॉर' हे त्याचंच दुसरं नाव.

क्रीगश्पीलला तीन पट लागतात आणि तिसरा माणूसही लागतो. दोघे खेळाडू एकमेकांकडे पाठ करून आपापल्या पटावर खेळतात. मधल्या पटावर खरा डाव मांडलेला असतो; तो खेळाडूंना दिसत नाही, पंचाला दिसतो. तुम्ही चाल सांगायची, पंचाने ती चालते की नाही ते सांगायचं.

समजा, पांढरे तुमचे आहेत. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरं आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे; सी १ म्हणजे सी-पट्टीतलं पहिलं घर.) डी-पट्टीतलं प्यादं पुढे सरकलंय, त्यामुळे सी १ वरच्या उंटाची वाट उघडली आहे. तुम्ही म्हणता, "उंट एच ६." पंच म्हणतो, "नाही." म्हणजे वाटेत कुणीतरी बसलंय, किंवा उंट हलला तर आपला राजा उघडा पडतोय. कारण पंच सांगत नाही. चाल फुकट जात नाही, दुसरी सांगायची. "उंट जी ५." "जी ५ वर मारलं." तिथे कोण होतं ते आता समजेलच असं नाही. मेलेला मोहरा कोणता ते सांगायचं की नाही, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. शिवाय तो "नाही" समोरच्यानेही ऐकलेला असतो. तुम्ही काहीतरी चाचपत होतात हे त्याला कळलं, फक्त काय ते कळलं नाही. मुरलेले खेळाडू म्हणूनच कधीकधी नकारच मिळेल अशी चाल मुद्दाम सांगतात.

आता हीच स्थिती डार्क चेसमध्ये बघा. इथे नियम एकच: तुमचे मोहरे जिथे जाऊ शकतात ती घरं तुम्हाला दिसतात, बाकी पट काळा. प्यादं सरकलं रे सरकलं की उंटाचा सगळा कर्ण उजळतो आणि जी ५ वरचा काळा घोडा तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच्या मागचं एच ६ मात्र अंधारातच. आणि गंमत अशी की जी ५ वरच्या घोड्याला सी १ दिसत नाही, त्यामुळे आपण दिसलोय हे त्या बाजूला ठाऊकच नसतं. इथे पंच नाही, नकार नाही, आवाज नाही.

खरा फरक राजापाशी उघडा पडतो. क्रीगश्पीलमध्ये शह आणि मात नेहमीच्या बुद्धिबळासारखेच, आणि शह बसला की पंच तो दिशेसकट जाहीर करतो: उभ्या पट्टीत, आडव्या पट्टीत, लांब कर्णावर, आखूड कर्णावर किंवा घोड्याचा. डार्क चेसमध्ये शह हा प्रकारच नाही. राजा मारला की डाव संपला. शहाची अडचण नसल्यामुळे राजावर मारा होत असतानाही किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करता येतो.

नवशिक्याचा डाव इथे कसा संपतो ते सांगतो. पांढऱ्याने डी ४ खेळलं, काळ्याने सी ६. पांढऱ्याने घोडा एफ ३ वर काढला, काळ्याने वजीर ए ५ वर. पांढऱ्याचा एकही मोहरा ए ५ पर्यंत पोचत नाही, म्हणून त्याला काहीच दिसत नाही. तो निवांत ई ३ खेळतो. काळा वजीर ए ५ वरून थेट ई १ वर, राजा गेला. तिसऱ्या चालीत. माझे सुरुवातीचे कितीतरी डाव असेच गेले आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला. क्रीगश्पीलमध्ये याच जागी पंचाचा आवाज आला असता: "शह, लांब कर्णावर." ई १ वरून ए ५ कडे जाणारा कर्ण पाच घरांचा, एच ४ कडे जाणारा चार घरांचा. एवढ्यावरून हल्ला कुठून होतोय ते नेमकं कळतं.

प्याद्यांची तऱ्हाही क्रीगश्पीलमध्ये वेगळी. "प्याद्याने काही मारता येतंय का?" असं पंचाला विचारता येतं. "येतंय" असं उत्तर मिळालं तर निदान एकदा तरी प्याद्याने मारून बघावंच लागतं. नको असलेलं उत्तर गळ्यात पडू शकतं, म्हणून विचारायचं की गप्प राहायचं, हाही डावाचाच भाग. डार्क चेसमध्ये विचारणार कुणाला? प्याद्याला मारता येत असेल तर ते घर आपोआप दिसतं.

डार्क चेस घरच्या पटावर खेळणं जवळजवळ अशक्य आहे. प्रत्येक चालीनंतर कोणाला कुठली घरं दिसणार हे बदलतं आणि तो हिशेब यंत्रानेच ठेवावा. रात्री पाच मिनिटं हाताशी असतील तर मोबाइलवर जरूर खेळा. चार माणसं जमली असतील तर मी क्रीगश्पीलच मांडेन. मधल्या पटाभोवती बसलेल्यांना सगळं दिसत असतं: दोन्ही वजीर एकमेकांशेजारून निघून गेले आणि दोघांनाही पत्ता नाही. तेव्हा हसू दाबून ठेवायला लागतं, कारण हसू फुटलं तर खेळणाऱ्याला तेवढाही सुगावा पुरतो.