आडातच नाही तर… शुद्ध जात, क्रॉस आणि गावठी कुत्रा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत माणसं घोडे बघायला जातात. मी कुत्रे बघायला जातो. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही यात्रा म्हणजे जनावरांचा मोठा मेळा. घोडे, गाढवं, उंट, गाई-बैल तर असतातच, पण कुत्र्यांचंही वेगळं प्रदर्शन भरतं. तिथं एकदा एक पश्मी, म्हणजे लांब केसांची कारवानी, कुत्री नजरेत भरली. कारवानी ही आपल्याकडची शिकारी जात. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला जाऊन चिकटलेलं पोट, कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखी केसांची झालर. मालक लातूरकडचे, साठीच्या आसपासचे, डोक्याला फेटा.

"मामा, कागदपत्रं आहेत का हिची?"

"कागद कशाला पायजे सर? एकदम प्युअर हाय. हिच्या आईला हिच्या आज्यालाच लावली होती. रक्त भायेर जाऊच दिलं न्हाई."

म्हणजे लेकीला बापाकडूनच गाभण केलं होतं. मामांच्या घरी देवणी गाई आहेत हे आधीच्या बोलण्यात आलं होतं, म्हणून सहज विचारलं, वळू किती वर्षं ठेवता? मामा म्हणाले, "तीन वर्षं, लई झालं तर चार. त्येच्या कालवडी मोठ्या झाल्या की बदलायचा. बापाला लेकीवर कसं सोडायचं?"

हा सवाल त्यांनी गाईसाठी विचारला होता. कुत्रीसाठी तो त्यांच्या मनात आलाच नाही. यात मामांची चूक फार थोडी. सगळं जग गेली दीडशे वर्षं कुत्र्याच्या बाबतीत हेच करत आलंय, फक्त छापील सर्टिफिकेट देऊन.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी धड असेल तर बहुतेक वेळा काम भागतं आणि बिघाड लपून राहतो. प्रत्येक प्राण्यात असे लपलेले बिघाड थोडेफार असतातच. नर आणि मादी जवळच्या रक्ताचे असले की एकाच आजोबाकडून आलेली तीच बिघडलेली प्रत पिल्लाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता वाढते. किती वाढते, याचा हिशेब आपल्या भागात सहज समजेल. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर त्यांच्या मुलाच्या बाबतीत हा अंतःप्रजननाचा आकडा 6.25 टक्के येतो. सख्ख्या मामा-भाचीचं लग्न असेल तर 12.5 टक्के. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं असतील तर 25 टक्के. अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली 227 जातींच्या कुत्र्यांचे डीएनए नमुने तपासले, तेव्हा सरासरी आकडा आला सुमारे 25 टक्के. ऐटीत मिरवणारा सरासरी जातिवंत कुत्रा जनुकांच्या हिशेबात सख्ख्या बहीण-भावाच्या पोटचा आहे!

असं का झालं? जातिवंत कुत्रा ही कल्पनाच फार जुनी नाही. माणसासोबत कुत्रा किमान पंधरा हजार वर्षं राहतोय. शिकारीचा, राखणीचा, मेंढरामागचा असे त्याचे प्रकार पूर्वीपासून होते, पण कामाचा कुत्रा दिसला की लोक त्याच्याकडून पिल्लं घेत, तो कुठल्या वंशाचा हे कुणी विचारत नसे. 1859 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला पहिलं श्वान प्रदर्शन भरलं, 1873 साली केनेल क्लब ही कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था निघाली, आणि जातींच्या वंशावळीची वही सुरू झाली. काही कुत्री वहीत नोंदवली आणि दार लावून घेतलं. यापुढे आई-बाप दोघंही वहीतले असतील तरच पिल्लू 'शुद्ध'. आतली मंडळी आधी मिश्रच होती, हे मग कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आपली देवणीसुद्धा गीर, डांगी आणि इथल्या गावठी जनावरांच्या मिश्रणातून घडलेली मानतात. तिला कुणी बाटगी म्हणत नाही.

दार लावून घेतल्यावर काय होतं, याचा मला सगळ्यात बोलका वाटणारा दाखला डाल्मेशियनचा आहे, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो कुत्रा. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात होतं. डाल्मेशियनच्या एका जनुकात एक बारीक बदल आहे. त्यामुळे युरिक ॲसिड यकृताच्या पेशींत नीट शिरतच नाही, ते लघवीत उतरतं आणि मूतखडे होतात. नराची लघवी तुंबली तर जीवावर बेततं. आता एखादा म्हणेल, निरोगी डाल्मेशियन निवडून त्यांचीच पैदास करावी. पण जातीतल्या प्रत्येक कुत्र्यात दोन्ही प्रती बिघडलेल्याच होत्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वंश जितका शुद्ध ठेवाल तितका रोग पक्का.

रॉबर्ट शायबल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1973 साली एक साधा उपाय केला. डाल्मेशियनला पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच जुळवलं. त्या वेतातली पिल्लं पुन्हा डाल्मेशियनशी, पुढची पुन्हा डाल्मेशियनशी, आणि दर पिढीत ज्या पिल्लात चांगली प्रत उतरली तेवढंच पुढे घ्यायचं. काही पिढ्यांत कुत्रा दिसायला, वागायला सगळा डाल्मेशियन, फक्त खड्यांपासून सुटलेला. अमेरिकन केनेल क्लबने 1981 साली अशा दोन कुत्र्यांची नोंद घेतली, मग जातीच्या अभिमान्यांनी ओरड केली आणि दार पुन्हा बंद झालं. ते उघडलं 2011 साली. मधल्या तीस वर्षांत किती कुत्री लघवी अडून तळमळली असतील, ते त्या वहीत लिहिलेलं नाही.

डाल्मेशियनचा रोग न बघता वाढला. पगचा आपण बघूनसवरून वाढवला. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि आपल्याकडे घराघरात तो हवाहवासा झाला. कुत्र्याला घाम फारसा येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातल्या ओलसर पडद्यांवरून हवा खेळवून अंग थंड करतो. पगचं नाक पिढ्यान्‌पिढ्या आत दाबत नेलं, पण टाळूचं मऊ मांस त्या मानाने घटलं नाही. ते आता श्वासाच्या वाटेतच लोंबतं. लोक त्या घरघरीला 'किती गोड घोरतो' म्हणतात. परभणी-नांदेडचा मे महिना, 42-43 अंश, लोडशेडिंग, आणि नाक नसलेला कुत्रा! याहून वेगळी क्रूरता शोधायला कुठं जायला नको. बुलडॉगचं डोकं तर इतकं मोठं केलंय की ब्रिटनमधल्या एका पाहणीत त्यांच्या 80 टक्क्यांहून जास्त वेतांना सिझेरियन करावं लागल्याचं दिसलं.

नॉर्वेत हे प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची पैदास प्राणीकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. बुलडॉगचे पैदासकार मात्र सुटले. जी पैदास तिथल्या कोर्टाला खटकली, तशी आपल्याकडे रोज होते.

मग दोन जातींचा क्रॉस करावा का? इथं उत्साहाला जरा आवर घालायला हवा. छत्रपती संभाजीनगरात हल्ली 'लॅब क्रॉस' (लॅब्राडोरचा), 'पॉम क्रॉस' (पॉमेरेनियनचा) सर्रास मिळतात, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की क्रॉस म्हणजे आजारच नाहीत. हे 'हायब्रीड' प्रकरण आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. 1984 साली आलेलं कापसाचं 'नांदेड-44' ज्यांनी लावलं, त्यांना ठाऊक आहे की पहिल्या वर्षी शेत एकसारखं डोलतं. त्याच पिकाची सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी लावली, की एक झाड उंच, एक खुजं, एकाला बोंडं, एकाला नुसता पाला. कुत्र्यातही तसंच. दोन वेगळ्या जातींची पहिली पिढी बऱ्यापैकी सारखी निघते, पण क्रॉसला क्रॉस लावला की काय निघेल ते खंडोबाला माहीत.

लॅब्राडूडलची गोष्ट याच वळणाची आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन काम करत. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरॉननी 1989 साली लॅब्राडोर आणि पूडल यांचा क्रॉस केला. तीन पिल्लं झाली, पण त्या नवऱ्याला चाललं त्यातलं एकच. उरलेल्यांना क्रॉस म्हणून कुणी घेईना. 'लॅब्राडूडल' असं नाव दिल्याबरोबर मागणीचा पूर आला. पुढे जगभर वाट्टेल त्या कुत्र्यांना पूडल लावून पिल्लं विकली गेली, आई-बापाचे सांधे, डोळे न तपासता. म्हातारपणी कॉनरॉन या कामाबद्दल जाहीरपणे पस्तावले.

आकडेही सावधच राहायला सांगतात. डेव्हिसच्याच विद्यापीठात 2013 साली 24 आनुवंशिक आजार तपासले. त्यातले 10 जातिवंतांत जास्त, 13 मध्ये फरक नाही, आणि गुडघ्याचा एक लिगामेंट तुटणं उलट मिश्र कुत्र्यांत जास्त. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने 2024 साली पूडल घातलेल्या तीन लोकप्रिय क्रॉसची त्यांच्या मूळ जातींशी 57 आजारांबाबत तुलना केली. सुमारे 87 टक्के तुलनांत काहीच फरक निघाला नाही. आई आणि बाप दोघांच्याही जातीत खुब्याचा दोष असेल, तर क्रॉस करून तो जाणार कुठं?

आणि आपला गावठी? त्याला लोक मिक्स समजतात, ते चूक आहे. तो लॅब आणि डॉबरमनची खिचडी नाही. वहीतल्या जाती निघण्याआधीपासून गावात असलेला तो समाज आहे, आणि जगभरच्या अशा गावकुत्र्यांत जातिवंतांपेक्षा जनुकांची विविधता जास्त आढळते. त्याची निवड कुणी डॉक्टरने केली नाही. उन्हाने, उपासाने आणि रोगाने केली, ज्यात बहुतेक पिल्लं मरतात. म्हणून 'निसर्गाची निवड' वगैरे गौरवाने म्हणताना माझी जीभ अडखळते. गल्लीत नसबंदीविना वाढणारी पिल्लं आणि दुकानात पंचवीस हजारांचं पिल्लू, हे दोन्ही एकाच शहरात दिसतं.

आपल्या देशात 2017 पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत. राज्याच्या प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी, 18 महिन्यांआधी मादी लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. ते कुठल्या दुकानात भिंतीवर लावलेले मात्र मी पाहिले नाहीत.

हे सगळं मामांना एका दमात सांगणं शक्य नव्हतं. एवढंच म्हणालो, पुढच्या खेपेला दूरच्या गावचा, ओळखीतल्या कुणाशी रक्ताचा संबंध नसलेला कारवानी बघा. जातीबाहेर जायलाच नको, रक्त तेवढं दुसरं. फक्त शर्यतवाले वेगासाठी ग्रेहाउंड घालतात, तसलं नको. मामांनी मान हलवली आणि चहा मागवला.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. उदगीरकडचा एक आखूड केसांचा कारवानी लावला होता, सात पिल्लं झाली, सातही जगली. पण आवाज पडलेला. "झालरच न्हाई सर एकालाबी. लोकं यायलेत, बघायलेत आन पश्मी न्हाई म्हणून जायलेत."

मी सांगितलं, कुत्र्यांत लांब केसांचं जनुक बहुतेक वेळा दबून राहतं. आईची झालर या पिल्लांत गेली नाही, लपली आहे. यातली एखादी मादी मोठी झाल्यावर दुसऱ्या घरच्या पश्मीला लावली, तर निम्म्या पिल्लांना झालर येऊ शकेल.

"म्हंजी दोन वरसं थांबायचं?"

"हो."

पलीकडं गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग मामा म्हणाले, "पाच देऊन टाकली असंच, शेतात राखणीला. दोन माद्या ठेवल्यात."